सोप्रानोची पहिली दहा वर्षं: आवाजाची ओळख, शिक्षण, ऑडिशन आणि पहिलं काम

गोवा, मुंबई, वसई, पुणे इथं पाश्चात्त्य गायन शिकलेल्या मुली मला अधूनमधून फोन करतात. मी जर्मनीत ऑडिशनला येणाऱ्या गायकांना पियानोची साथ करते, त्यामुळे मला आतली माहिती असेल असं त्यांना वाटतं. बहुतेकींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लंडनला जाऊ की जर्मनीला?’ माझ्या मते हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. आपला आवाज आज काय गाऊ शकतो, हे आधी नीट ठरवायला हवं, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक निर्णय त्याच कसोटीवर घासून घ्यायला हवा. सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य गायनातला स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज, असलेल्या मुलींसाठी हा लेख त्या क्रमानं लिहिला आहे.

पहिली पायरी: आवाज ओळखा

पेटीच्या भाषेत सांगते. काळी पाचचा षड्ज धरून गाणारी ख्यालगायिका तार पंचमाला भिडते, तेव्हा पियानोवर तो स्वर एफ असतो. सोप्रानोच्या आवाजाचा वरचा सांधा नेमका तिथंच येतो. इटालियनमध्ये त्याला पसाज्जो म्हणतात. ख्यालात जिथं चढाईचा कळस होतो, तिथून सोप्रानोचं रोजचं काम सुरू होतं. त्याच षड्जानं मोजलं तर तिचा हाय सी म्हणजे अतितार सप्तकातला रिषभ. आणि हे सगळं माइकशिवाय, पन्नास-साठ वाद्यांच्या वरून मागच्या रांगेपर्यंत पोचवायचं असतं. छातीचा आवाज जोर लावून वर नेत गेलात तर गळा बसतो. सांध्यावर आवाजाची घडण बदलायला शिकावंच लागतं, आणि ते घडायला चार-पाच वर्षं लागतात.

हिंदुस्तानी संगीताची तालीम झालेल्यांचं सुरेलपण, लयीचं भान आणि पाठांतर इथं फार उपयोगी पडतं. या गोष्टी युरोपातल्या अनेक विद्यार्थ्यांना नव्यानं शिकाव्या लागतात. मात्र घडणीच्या वर्षांत दोन्ही पद्धतींचा कसून रियाज एकदम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गळ्याच्या सवयी एकमेकींना छेद देतात.

सोप्रानो हा एकच आवाज नाही. जर्मन नाट्यगृहांत आवाजांच्या जाती ठरलेल्या आहेत. त्यांना फाख म्हणतात, आणि नोकरीची जाहिरातही त्याच भाषेत निघते. हलका, चपळ, खेळकर आवाज असेल तर सुब्रेट: मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’तली झर्लिना, वेबरच्या ‘फ्रायश्युट्स’मधली एनशन. उंचावर तानांसारख्या जलद जागा घेणारी ती कोलोरातुरा: ‘मॅजिक फ्लूट’मधली रात्रीची राणी, जिला हाय सीच्याही वरचा एफ लागतो. लांब, ओघवत्या ओळी पेलणारी ती लिरिक: ‘मॅजिक फ्लूट’मधलीच पामिना, ‘कार्मेन’मधली मिकाएला, ‘ला बोहेम’मधली मिमी. त्यापुढे तरुण नाट्यमय आणि मग पूर्ण नाट्यमय आवाज, म्हणजे वॅग्नरच्या नायिका. ते बहुतेक तिशीच्या पुढेच पक्व होतात.

ही जात विशीच्या सुरुवातीला नक्की कळतेच असं नाही. न्यूझीलंडची प्रसिद्ध सोप्रानो किरी ते कानावा लंडनला आली तेव्हा मेझो, म्हणजे सोप्रानोच्या खालचा स्त्री-आवाज, म्हणून गात होती. नॉर्वेची लीझे डेविडसनही आधी मेझोच होती. तेव्हा शिक्षकानं एखादा स्वर ऐकून तुमच्यावर शिक्का मारला तर तो लगेच स्वीकारू नका. विसाव्या-एकविसाव्या वर्षी ‘मी ड्रॅमॅटिक सोप्रानो आहे’ असं सांगणारी मुलगी समोर आली की मला काळजी वाटते. तिच्या फाइलमध्ये बहुधा पुच्चिनीची तोस्का ही भारी भूमिका असते, आणि मोझार्ट नसतो.

दुसरी पायरी: भारतात असताना काय करून घ्यावं

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत द्याव्यात. तेवढ्यानं परदेशी प्रवेश मिळत नाही, पण स्वरलिपी झरझर वाचता यायला लागते. पियानो निदान इतका यावा की स्वतःची साथ धीम्या लयीत वाजवून नवं गाणं बसवता येईल. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आहे, तिथं २००६मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. चर्चच्या किंवा शहरातल्या चांगल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या संचात, दोन वर्षं गायलात तर इतरांचं ऐकत आपली ओळ धरून ठेवायची सवय लागते.

मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत विद्यालयात शिकल्या. ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हेनर यांनी खास त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना लिहिल्या. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस दुरुस्तीनंतर २०१६मध्ये उघडलं, तेव्हा तिथं त्याच गायल्या. त्यांनी २००९मध्ये सुरू केलेल्या ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून भारतातल्या तरुण गायकांना शिकवलं जातं. परदेशात शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर एकदा आपला आवाज पडला पाहिजे. त्यासाठी असे वर्ग सोडू नयेत.

भाषा इथूनच सुरू करा. जर्मनसाठी पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी अलियान्स फ्रान्सेज. इटालियनचे उच्चार मराठी माणसाला लवकर जमतात, कारण आपल्याकडे ‘पत्ता’ आणि ‘पता’ यांतला फरक जन्मापासून कानात असतो, आणि इटालियन द्वित्त अगदी तसंच आहे. अडचण येते ती जर्मन आणि फ्रेंच स्वरांची. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हटल्यावर येणारा आवाज मराठीत नाहीच. तो आरशासमोर बसून शिकावा लागतो.

तिसरी पायरी: कुठे शिकायचं

संस्थेपेक्षा शिक्षक महत्त्वाचा. अर्ज करण्यापूर्वी त्या शिक्षकाला ईमेल पाठवून एक चाचणी-तास मागावा. युरोपात ही पद्धत सर्वमान्य आहे, त्यात संकोच नको. तासानंतर गळा मोकळा वाटला का, घोगरा झाला का, याकडे नीट लक्ष द्या. नामांकित शिक्षकाकडेही गळा दोनदा थकला तर दुसरा शोधा.

ब्रिटनमधल्या रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज किंवा मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्नसारख्या संस्थांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, आणि ऑडिशन त्याच हिवाळ्यात होतात. म्हणजे पुढच्या सप्टेंबरला जायचं तर तयारी वर्षभर आधी हवी. फी जबर असते, त्यामुळे शिष्यवृत्तीचं पाहूनच पुढे जावं. जर्मनीतल्या सरकारी होखशुलमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयांत, बहुतेक ठिकाणी फी नसते. बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १५०० युरो भरावे लागतात. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) दाखवावी लागते. २०२४च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे. हा आकडा बदलत राहतो, तेव्हा अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा. अनेक होखशुलमध्ये गायनाच्या प्रवेशाला वयाची मर्यादा असते. ‘आधी इंजिनीअरिंग पूर्ण करू, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी हे आधीच पाहून ठेवावं.

एक गोष्ट जवळजवळ कुणीच आधी सांगत नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय किंवा व्यावसायिक कलाकार म्हणून काम करता येत नाही. गावातल्या कॉयरनं पैसे देऊन हॅंडेलचा ‘मसाया’ गायला बोलावलं तरी होकार देण्यापूर्वी कॉलेजच्या व्हिसा कार्यालयाला विचारा. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर असं काम करता येतं. जर्मनीतही विद्यार्थ्याला मानधनाच्या स्वतंत्र कामासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी लागते. पदवीनंतर मात्र काम शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं.

चौथी पायरी: पाच आरिया

ऑपेरात पहिली ओळख आरियांच्या, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यांच्या, यादीवरून होते. साधारण पाच आरिया लागतात: इटालियन, जर्मन, फ्रेंच, जमल्यास एखादी इंग्रजी, आणि यांत एक तरी मोझार्ट. लिरिक सोप्रानोची सरळ, चांगली यादी अशी असू शकते: मोझार्टच्या ‘फिगारो’तल्या सुझानाची ‘देह व्हिएनी’, पामिनाची ‘आख, इश फ्यूल्स’, मिकाएलाची आरिया, मुझेत्ताचा वॉल्ट्झ, आणि स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘रेक्स प्रोग्रेस’मधली ॲनची इंग्रजी आरिया. पाचही एकाच मुलीनं गाव्यात अशा हव्यात. रात्रीची राणी आणि मिमी एकाच यादीत दिसली की ऐकणारा गोंधळतो, हिला द्यायचं तरी काय?

पामिनाची आरिया कागदावर सोपी दिसते. एका वाजवी मोठ्या श्वासात मावणाऱ्या ओळी, धीमी लय, खाली अगदी विरळ साथ. कुठंच आडोसा नाही. वरचा बी-फ्लॅट हळू आवाजात सहज येत असेल आणि चौथ्या ओळीला श्वास पुरत असेल तरच ती यादीत ठेवा. ज्या दिवशी सर्दी झाली असेल, झोप झालेली नसेल, रात्रभर ट्रेनचा प्रवास झाला असेल, त्या दिवशीही जी आरिया उभी राहते ती तुमची पहिली आरिया. सगळ्यात दिपवणारी पहिली ठेवू नका. पहिली तुम्ही निवडता, दुसरी बहुधा समोरचे लोक यादीतून मागतात. कधीकधी ती मागतच नाहीत.

पाचवी पायरी: ऑडिशनचा दिवस

इथं मी साथ करणाऱ्याच्या स्टुलावरून बोलते. आदल्या दिवशी स्वरलिपी तयार ठेवा: पाठपोट छापलेली, रिंग असलेल्या फाइलमध्ये, पंखा लावला तरी पानं उडणार नाहीत अशी. फोटोकॉपीत डाव्या हाताची सर्वांत खालची ओळ कापली गेलेली असते, हे दर दुसऱ्या फाइलमध्ये दिसतं. मग बेसचे स्वर अंदाजानं वाजवावे लागतात, आणि गायिकेच्या पायाखालची जमीन हलते. कुठून सुरू करायचं, कुठे काट मारली आहे, कुठे थांबता, हे पेन्सिलीनं ठळक लिहा. प्लास्टिकच्या चकचकीत पिशव्यांत पानं घालू नका. दिव्याच्या उजेडात त्यांतलं काही दिसत नाही.

खोलीत गेल्यावर पियानोवाल्याला नमस्कार करा, फाइल उघडून द्या आणि लय हलकेच पहिली ओळ गुणगुणून दाखवा. चुटक्या वाजवून दाखवू नका. तो अपमान वाटतो. गाताना लय हवी तशी नसेल तर वळून पाहू नका, आपण ठामपणे गात राहा. चांगला साथीदार दोन मात्रांत तुमच्याकडे येतो. समोर टेबलामागे चार-पाच माणसं बसलेली असतात: ऑपेरा संचालक, संगीत दिग्दर्शक, गायकांकडून पियानोवर भूमिका बसवून घेणारा कोरेपेटिटर, कधी नाट्यदिग्दर्शक. ती लिहित असतील, एकमेकांशी बोलत असतील. त्यांच्या डोळ्यांत बघून गाऊ नका, त्यांना उत्तर द्यायचं ओझं येतं. त्यांच्या थोड्या वर, मागच्या भिंतीकडे नजर ठेवा. आणि शेवटचा स्वर संपला तरी पियानोची शेवटची ओळ संपेपर्यंत पात्रातच राहा. किती मुली तिथंच खांदे पाडतात! मागे बसलेला माणूस तेही पाहतो.

जर्मन नाट्यगृहांच्या ऑडिशनसाठी सरकारी रोजगार खात्याचीच कलाकारांसाठीची सेवा आहे, झेडएव्ही. बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन, लाइपझिश, म्युनिक, स्टुटगार्ट इथं तिची कार्यालयं आहेत. तिथं आधी तुमचं गाणं ऐकतात, आणि योग्य वाटलं तर नाट्यगृहांना सुचवतात. पैसे लागत नाहीत. खाजगी एजंटांच्या मागे धावण्याआधी इथं जा. कुणी एजंट नाव नोंदवायलाच पैसे मागत असेल तर तिथून निघा. खरा एजंट मिळवून दिलेल्या कामावर टक्का घेतो.

सहावी पायरी: स्पर्धा आणि स्टुडिओ

कार्डिफ सिंगर ऑफ द वर्ल्ड १९८३पासून होते, पहिलीच जिंकली ती फिनलंडची सोप्रानो कारीता मातीला. नोये श्टिमन १९८७ची, ऑपेरालिया १९९३ची. यांत पोचणं मोठी गोष्ट. सुरुवातीला शहर पातळीच्या, वयोगटाच्या स्पर्धा गाव्यात, आणि बक्षिसासाठी नाही, परीक्षकांसाठी गाव्यात. परीक्षक बहुधा नाट्यगृहांचे कास्टिंग संचालक असतात. उपांत्य फेरीत बाद झालेल्या गायिकेला दोन महिन्यांनी फोन आल्याचं मी पाहिलं आहे.

ऑपेरा स्टुडिओ म्हणजे नाट्यगृहातली उमेदवारी. न्यूयॉर्कच्या मेटचा (मेट्रोपोलिटन ऑपेरा) लिंडेमन, लंडनच्या रॉयल ऑपेराचा जेट पार्कर, झुरिच आणि म्युनिकचे स्टुडिओ नामवंत आहेत. साधारण दोन वर्षं, छोट्या भूमिका, मोठ्या भूमिकेची बदली तयारी, रोज कोचिंग. जमेल त्या सगळीकडे अर्ज करावेत. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवाच्या कोरसमधूनही मोठ्या गायिका पुढे आल्या. जेनेट बेकर त्यांतलीच, तेव्हा कोरसला कमी लेखू नका.

सातवी पायरी: पहिली नोकरी

जर्मनीत सुमारे ८० ऑपेरा नाट्यगृहं आहेत. शहरं लहान असतात, पण संच कायमचा असतो, महिन्याला पगार मिळतो. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा-सात ते दहापर्यंत तालीम, मधे घरी जाऊन झोप. पहिल्या वर्षी बार्बारिना, पापागेना, फ्रास्किता अशा भूमिका येतात. फ्रास्किता छोटी वाटते, पण ‘कार्मेन’च्या समूहगायनात सगळ्यांच्या वरची ओळ तिची असते, आणि ती चुकली की प्रेक्षकालाही कळतं. तालमीत पूर्ण आवाजात गाऊ नका. ‘मार्किंग’ शिका: वरचे स्वर सप्तक खाली घ्यायचे, पण शब्द, लय आणि हालचाल शंभर टक्के. दिवसाला सात-आठ तास तालीम असताना हेच कौशल्य गळा वाचवतं.

करार दरवर्षी आपोआप वाढतो. वाढवायचा नसेल तर नाट्यगृहाला पहिल्या वर्षांत ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. तुम्हालाही सोडायचं असेल तर तीच तारीख. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जर्मनीतल्या गायकांच्या घरी पत्रपेटीकडे फार लक्ष असतं, ते यामुळे. संचालक बदलला की अनेकांचे करार एकदम संपतात. त्याचा तुमच्या गाण्याशी संबंध असतोच असं नाही.

मोठ्या गायिकांनाही वेळ लागलाच. ऑस्ट्रेलियाची सोप्रानो जोन सदरलँड १९५२मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरात आली ती ‘मॅजिक फ्लूट’मधल्या राणीच्या तीन दासींपैकी पहिली म्हणून. त्याच वर्षी विख्यात सोप्रानो मारिया कॅलासच्या ‘नॉर्मा’मध्ये ती क्लोतिल्दे ही छोटी भूमिका गायली. दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’नं तिचं नाव जगभर झालं ते १९५९मध्ये, सात वर्षांनी. स्वीडनच्या नीना स्टेमेनं १९९३मध्ये ऑपेरालिया जिंकली, मग कोलोनच्या संचात चार वर्षं काढली, आणि वॅग्नरची इझोल्डे ही भारी भूमिका पहिल्यांदा गायली ती २००३मध्ये. मागणी आधीही आली असणारच. किरी ते कानावा १९७४मध्ये मेटला तीन तासांच्या सूचनेवर व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’तली डेस्डेमोना म्हणून उभी राहिली. पुढच्या प्रयोगांसाठी तिची ती भूमिका तयारच होती.

म्हणून तयार भूमिकांची यादी ठेवा: कुठली पूर्ण पाठ आहे, कुठल्या भाषेत, कुठल्या काटछाटीसह, किती तासांत उभी राहाल. सकाळी अकराला फोन येतो, ‘संध्याकाळी पामिना, अमुक शहरात, जमेल?’ ज्या मुलीच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, ती दुपारच्या ट्रेनमध्ये असते.

मैफलींचं काम

ऑपेराच्या बरोबरीनं हे हवंच, आणि काहींचा आवाज तर इथंच जास्त शोभतो. डिसेंबरात हॅंडेलचा ‘मसाया’ आणि बाखचा ख्रिसमस ऑराटोरिओ, ईस्टरच्या आधी बाखचे पॅशन, वर्षभर मोझार्ट आणि फोरेचे रिक्विएम, हायडनचं ‘क्रिएशन’. ब्राम्सच्या जर्मन रिक्विएममध्ये सोप्रानोला एकच भाग असतो, पाचवा. तासभराच्या कृतीत चार भाग गप्प बसायचं, मग थंड गळ्यानं उठून उंच, हळुवार ओळ धरायची. याची तालीम घरी करा: अर्धा तास गप्प बसा, मग थेट तिथून गा. ब्रिटनमधल्या कॉयरच्या मैफलीत ऑर्केस्ट्राबरोबर तालीम त्याच दुपारी एकदाच होते. कंडक्टरची लय तिथंच कळते, तेव्हा प्रत्येक आरिया दोन-तीन लयींत गाऊन ठेवलेली बरी. मानधन, प्रवास, मुक्काम हे आधी लेखी घ्या. जर्मनीत स्वतंत्र कलाकार म्हणून काम करणार असाल तर क्युन्स्टलर-सोझियालकासेत, म्हणजे कलाकारांच्या सामाजिक विमा निधीत, नोंदणी करा, विम्याच्या हप्त्याचा निम्मा भार त्यातून उचलला जातो.

आठवी पायरी: ‘नाही’ कसं म्हणायचं

हे सगळ्यांत अवघड जातं. छोट्या नाट्यगृहाचा संचालक पंचवीस वर्षांच्या लिरिक मुलीला बोलावतो आणि म्हणतो, ‘पुढच्या हंगामात तोस्का करा.’ पोस्टरवर नाव, घरी आनंदीआनंद. पण भारी ऑर्केस्ट्रावरून आवाज रेटत आठ-दहा प्रयोग केले की मधल्या स्वरांत वारा भरतो, हळू आवाजातले वरचे स्वर जातात, आणि ते परत यायला महिने लागतात. कधी स्वरयंत्रावर गाठी येतात. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर घरगुती काढे थांबवून गायकांचा अनुभव असलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्ट्रोबोस्कोपी करून घ्यावी. एरवी झोप आणि पाणी सांभाळा, रात्री उशिरा तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं होऊ नका. ॲसिड वर येऊन गळा सुजतो.

नकार देण्यापूर्वी शिक्षकाबरोबर ती भूमिका एकदा पियानोवर सलग गाऊन पाहा, दुसऱ्या दिवशी सकाळी गळा कसा आहे ते तपासा. मग संचालकाला पत्र लिहा: भूमिकेबद्दल आभार, सध्या माझ्या आवाजाला ती लवकर आहे, त्याऐवजी त्याच हंगामात मिकाएला किंवा फिगारोतली काउंटेस माझ्याकडे पूर्ण तयार आहे. कारणं लांबवू नका, आजारपणाचा बहाणा करू नका. निर्णय झाला की उत्तर त्याच दिवशी द्या, कारण त्यांना भूमिकेसाठी दुसरी गायिका शोधायची असते, आणि वेळेत कळवणारीचं नाव पुढच्या यादीत राहतं.